मिलिंग मशीनच्या स्पिंडलचा वेग: पट्ट्यापासून ड्राइव्हपर्यंत

जुन्या मिलिंग मशीनला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, लावून स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) वेग नॉबवर आणणं आता छोट्या वर्कशॉपलाही परवडतं. पण या नॉबच्या आधी काय काय करून पाहिलं गेलं, हे ठाऊक असेल तर जुन्या मशीनमधलं काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे नीट ठरवता येतं.

मूळ प्रश्न कटरच्या व्यासाचा आहे. माइल्ड स्टीलवर एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) कटर मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने चालवायचा, तर १० मिलिमीटरच्या एंडमिलला (दांड्यासारख्या कटरला) ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, लागतात आणि ८० मिलिमीटरच्या कटरला १००. मशीन एकच, काम एकच, तरी आठपट फरक. लाइन शाफ्टच्या काळात, म्हणजे एकाच लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळ्या मशीन फिरत तेव्हा, यावर उपाय होता पायऱ्यांची पुली. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवायचा आणि जो वेग मिळेल त्यात भागवायचं.

पुढे टूलच बदललं. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टीलमध्ये घडवलेलं हायस्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. टोक लाल होईपर्यंत तापूनही ते कापतच राहिलं. १९२७ मध्ये जर्मनीच्या क्रुप कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्याहून कठीण असं कार्बाइड मांडलं आणि वेगाची अपेक्षा पुन्हा कितीतरी पटीने चढली. चांगल्या दणकट मशीन केवळ स्पिंडल हळू फिरतो म्हणून मागे पडल्या.

मोटर तेव्हा हाताशी होती. टेस्लाचं इंडक्शन मोटरचं पेटंट १८८८ चं. डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने लगेच पुढच्याच वर्षी पिंजऱ्याच्या रोटरची थ्री-फेज मोटर बनवली. ब्रश नाही, झीज कमी, वर्षानुवर्षं चालणारी. अडचण एकच: तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर १५०० च्या जरा खाली, लोडवर १४४० च्या आसपास फिरणार. वेग बदलायचा तर डीसी मोटर होती, आणि १८९१ ची वॉर्ड लेनर्ड पद्धत. त्यात एका मोटरने जनरेटर फिरवायचा आणि त्या जनरेटरने दुसरी मोटर. लिफ्ट, रोलिंग मिल, मोठे प्लेनर यांना तो खर्च झेपला. टूलरूमच्या मिलिंग मशीनला नाही.

म्हणून १९३८ मध्ये अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वालस्ट्रॉम या मूळच्या दोघा स्वीडिश कारागिरांनी आपली टरेट मिलिंग मशीन आणली, तेव्हा तिच्या डोक्यावरही पायऱ्यांची पुलीच होती. पुढे अशा तीन लाखांहून अधिक मशीन बनल्या. आपल्या टूलरूममध्ये ‘एम१टीआर’ म्हणून ओळखली जाणारी मशीन याच घडणीची. ब्रिजपोर्टच्या ‘जे’ हेडवर, म्हणजे मोटर, पुली आणि स्पिंडल असलेल्या वरच्या भागावर, आठ वेग मिळत: ८०, १३५, २१०, ३२५, ६६०, १११५, १७५० आणि २७२०. मधली दरी पाहा. १५ मिलिमीटरच्या एंडमिलला ५३० हवेत. मशीनवर एक तर ३२५ आहेत, नाही तर ६६०. शिवाय हे आकडे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झचे. तीच मोटर ५० हर्ट्झवर लावली की प्रत्येक वेग सहाव्या हिश्शाने उतरतो. म्हणजे वेगाची किल्ली पहिल्यापासून फ्रिक्वेन्सीत होती, फक्त ती फिरवायचं साधन नव्हतं.

ते येईपर्यंत ब्रिजपोर्टने ‘२जे’ हेडमध्ये सरकत्या तबकड्यांची पुली बसवली. पट्टा आत-बाहेर चढतो आणि वेग सलग बदलतो. कल्पना मिल्टन रीव्हज याची, एकोणिसाव्या शतकातली. पण तबकड्यांचे बुश झिजतात, हेड खडखडतं, आणि मोटर बंद असताना डायल फिरवली तर यंत्रणेला इजा होते. ड्राइव्ह लावण्याचा विचार बऱ्याचदा हे हेड असं आवाज करू लागल्यावरच सुरू होतो.

फ्रिक्वेन्सी बदलणारं साधन सेमीकंडक्टरने दिलं. जनरल इलेक्ट्रिकचा थायरिस्टर, म्हणजे मोठा प्रवाह हाताळणारा सेमीकंडक्टर स्विच, १९५७ चा. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉसने व्हीएलटी हा मोठ्या संख्येने बनणारा पहिला फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर आणला. १९८० च्या दशकात आयजीबीटी हा वीज झपाट्याने चालू-बंद करणारा स्विच आला. त्याच्या घडणीत चेन्नईत जन्मलेल्या बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे, आणि वर्कशॉपमध्ये ही गोष्ट अभिमानाने सांगितली जावी असं मला वाटतं. ड्राइव्ह भिंतीवर टांगण्याएवढा लहान आणि स्वस्त झाला, त्यात या पुर्ज्याचं श्रेय फार मोठं.

आता बॅकगिअरबद्दल, म्हणजे हेडमधल्या वेग उतरवणाऱ्या गिअरबद्दल, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. ड्राइव्ह ५० हर्ट्झच्या खाली टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास टिकवतो, पण टॉर्क वाढवत नाही. १० हर्ट्झवर मोटरची ताकद पाचव्या हिश्श्यावर येते. बॅकगिअर वेग उतरवतो तितकाच टॉर्क चढवतो. ८० मिलिमीटरचा कटर नुसत्या नॉबवर १०० आरपीएमला आणला तर तो कापात अडतो. म्हणून बॅकगिअर आणि पायऱ्यांची पुली काढू नये. त्यांनी ढोबळ वेग निवडावा आणि मधली दरी ड्राइव्हने भरावी. हळू फिरताना मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे फार वेळ १०-१५ हर्ट्झवर जड काप घेतला की मोटर तापते. गिअर तेलात बुडून तेल उडवतात अशा हेडमध्ये वरच्या गिअरपर्यंत तेल पोचतंय ना, हेही बघायला हवं.

सिंगल-फेज जोडणीवरच्या वर्कशॉपला आणखी एक फायदा होतो: २३० व्होल्टचा ड्राइव्ह सिंगल-फेज घेऊन थ्री-फेज देतो. मात्र तेही २३० व्होल्टच असतात. छोट्या मोटरी बहुधा ४१५ ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या डेल्टात, म्हणजे वेटोळ्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत, बदलून घ्याव्या लागतात. आणि मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये ठेवू नये. मोटर चालू असताना त्या स्विचने जोडणी तोडली तर ड्राइव्ह जळू शकतो. स्विच आहे त्या जागीच राहू द्यावा, फक्त त्याच्या तारा ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला न्याव्यात.