छपराखालचा कठडा आधी का डागाळला?

वेंगुर्ल्यात आमचं घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या, खिडक्यांचे गज सगळं खाल्लं, म्हणून वरच्या गॅलरीला स्टेनलेस स्टीलचा कठडा करून घेतला. कारागिराने खिशातून लोहचुंबक काढून पाइपला लावून दाखवलं. चिकटलं नाही. "अस्सल माल आसा," तो म्हणाला.

वर्षभरात त्यावर चहा सांडून वाळल्यासारखे तांबूस डाग उमटले. त्यातही नवल असं, की चार महिने पावसात न्हालेला भाग चकचकीत आणि छपराखाली कोरडा राहिलेला भाग डागाळलेला. आम्ही आपले पावसाळ्यालाच बोल लावत होतो.

खरं तर स्टेनलेस स्टीलही एका अर्थी गंजतं, आणि क्षणात गंजतं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. केसाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. लोखंडाचा गंज भुसभुशीत, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड उघडं पडतं. हा थर मात्र घट्ट बसतो, पारदर्शक असल्याने दिसतही नाही, आणि ओरखडा पडला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. 1913 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डचे धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवं पोलाद शोधत होते. त्यांनी सुमारे 13 टक्के क्रोमियम घालून पाहिलं, तर ते पोलाद आम्लालाही दाद देईना. नळ्या राहिल्या बाजूला, आधी सुऱ्या निघाल्या.

ऑक्साइडच्या या कवचाचा वैरी म्हणजे क्लोराइड. आपल्या मिठात असतं तेच. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण पाइपवर बसतात, रात्रीची दमट हवा शोषून ओलसर होतात आणि त्या कडक खाऱ्या थेंबातला क्लोराइड कवचाला एखाद्या जागी भोक पाडतो. भोकाच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे कवच पुन्हा धरत नाही आणि खड्डा खोल जात राहतो. पाऊस हे मीठ धुऊन नेतो. छपराखाली ते वर्षभर साचतं.

आणि ते लोहचुंबक? कारागिराचाही त्याच्यावर भाबडा विश्वास होता. नेहमीच्या 304 जातीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे अणूंची रचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. निकेल महाग, म्हणून 202 जातीत ते कमी करून मँगनीज वाढवतात. चुंबक तिलाही चिकटत नाही, पण ती लवकर डागाळते. उलट 430 जातीला चुंबक चिकटतं, तरी ती स्टेनलेसच. समुद्राकाठी मागायची ती 316 जात. तिच्यातलं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडला बऱ्यापैकी थोपवतं. बिलावर जात लिहून घ्यावी, चुंबक खिशातच राहू द्यावं.

स्वयंपाकघरातही हेच नाटक चालतं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट आमटी कळकते, स्टीलच्या पातेल्यात नाही. कल्हईवाल्याची हाक ऐकू येईनाशी झाली ती त्यामुळेच. सोलकढी दुपारभर स्टीलमध्ये राहिली तर काही बिघडत नाही. आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं, वेगळं. ते आंबटही आणि खारटही, शिवाय महिनोन् महिने टिकवायचं, म्हणून ते काचेच्या बाटलीत नाहीतर चिनी मातीच्या बरणीत बरं. पातेल्याच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसत असतील, तर थंड पाण्यात मीठ टाकायची सवय तपासा. न विरघळलेले खडे तळाशी बसून राहतात. पाणी उकळल्यावर मीठ टाकलं की लगेच विरघळतं.

आता दर पंधरवड्याला कठड्यावर गोडं पाणी मारतो, छपराखालच्या भागावर आधी. तारेची घासणी आईने लपवून ठेवलीय. तिचे लोखंडी कण पाइपवर रुततात आणि पहिले तेच गंजतात.