सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती : आर्थिक स्पर्धा आणि सहकार्य

खनिज तेलावर श्रीमंत झालेल्या या दोन शेजारी देशांनी तेलाबाहेरचे उत्पन्न शोधायला सुरुवात केली, तेव्हा दोघेही बंदरे, विमानसेवा, पर्यटन, वित्तसेवा याच क्षेत्रांकडे वळले. त्यातून आलेली चुरस आणि तिच्या जोडीने टिकून राहिलेले सहकार्य, हा या नोंदीचा विषय.

संयुक्त अरब अमिराती हा अबुधाबी, दुबई अशा संस्थानांचा संघ. तेल संपल्यावर काय, हा प्रश्न त्यातल्या दुबईला फार लवकर पडला, कारण १९६६ मध्ये तिथे सापडलेले तेल अबुधाबीच्या मानाने थोडेच होते. दुबईचे शासक शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांच्या काळात १९७९ साली जेबेल अली बंदर सुरू झाले. १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र (सीमाशुल्कातून सूट असलेला उद्योग-व्यापाराचा परिसर) उभे राहिले आणि त्याच वर्षी एमिरेट्स विमान कंपनी निघाली. तिच्या अगदी पहिल्या ठिकाणांत कराचीबरोबर मुंबईही होती. बाहेरून माल आणायचा आणि तो पुढे शेजाऱ्यांना विकायचा, हे दुबईचे गणित होते. त्या शेजाऱ्यांत सर्वांत मोठी बाजारपेठ सौदीची.

सौदी अरेबियाने तेलावरचे अवलंबन कमी करण्याची ‘व्हिजन २०३०’ ही योजना एप्रिल २०१६ मध्ये जाहीर केली. तिच्यामागची निकड समजून घेतल्याशिवाय पुढचा संघर्ष कळत नाही. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख भरली. त्यात सौदी नागरिक सुमारे ५८ टक्के, आणि या नागरिकांपैकी सुमारे ६३ टक्के तिशीच्या आतले. अमिरातीत मात्र बहुतेक रहिवासी परदेशी आहेत. म्हणजे रियाधला, अर्थात सौदी सरकारला, आपल्याच तरुणांसाठी नोकऱ्या हव्या आहेत, तर दुबईला माल, माणसे आणि पैसा यांची वर्दळ पुरते. सौदीत व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपनीचा साहेब दुबईत राहून कारभार पाहतो, हे रियाधला परवडेनासे झाले, ते या फरकामुळे.

२०२१ हे वर्ष कळीचे ठरले. ज्या परदेशी कंपनीचे प्रादेशिक मुख्यालय सौदीत नाही, तिला १ जानेवारी २०२४ पासून सरकारी कंत्राटे मिळणार नाहीत, अशी घोषणा फेब्रुवारीत झाली. जुलैमध्ये सौदीने आयातीचे नियम बदलले : मुक्त क्षेत्रात बनलेल्या मालाला, तसेच २५ टक्क्यांहून कमी स्थानिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या मालाला सीमाशुल्काची सवलत नाकारली. हा घाव थेट जेबेल अलीच्या नमुन्यावर होता. त्याच महिन्यात ओपेक प्लसच्या, म्हणजे उत्पादनात कपात ठरवून तेलाचा भाव सावरणाऱ्या तेल-उत्पादक देशांच्या गटाच्या, बैठकीत अमिराती अडून बसली. उत्पादनक्षमता वाढवण्यावर खर्च केला असताना कपात जुन्याच आधारपातळीवरून (प्रत्येक देशासाठी धरलेल्या मूळ उत्पादनावरून) का मोजायची, हा तिचा सवाल रास्त होता. अखेर ती पातळी दिवसाला सुमारे ३१.७ लाख पिंपांवरून ३५ लाखांवर नेण्याची तडजोड झाली.

तरीही हे वैर नव्हे. दोन्ही देश १९८१ पासून आखाती सहकार्य परिषद या सहा अरब देशांच्या संघटनेचे सदस्य आहेत; २००३ मध्ये सीमाशुल्क संघ आणि २००८ मध्ये सामाईक बाजारपेठ झाली. सामाईक चलनाचा बेत मात्र फसला : हे चलन सांभाळणाऱ्या नियोजित चलन परिषदेचे ठाणे रियाधला देण्याचे ठरताच मे २००९ मध्ये अमिराती बाहेर पडली. रियाल आणि दिरहम दोन्ही डॉलरशी बांधलेले असल्याने चलन एक करण्यात तांत्रिक अडचण तुलनेने कमी होती. मान कोणाचा, हा प्रश्न आडवा आला. मूल्यवर्धित कर दोघांनी १ जानेवारी २०१८ रोजी एकाच वेळी, ५ टक्के दराने लावला; पुढे जुलै २०२० मध्ये सौदीने तो १५ टक्क्यांवर नेला.

घराबाहेर, जिथे दोघांचेही तेल खपवायचे असते, तिथे हातमिळवणी सोपी जाते. याचे उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील नाणार येथील ६ कोटी टन वार्षिक क्षमतेच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पात एप्रिल २०१८ मध्ये सौदीची सरकारी तेल कंपनी अराम्को आणि जूनमध्ये अबुधाबीची सरकारी तेल कंपनी ॲडनॉक सहभागी झाली. दोघींचा मिळून निम्मा वाटा ठरला होता, उरलेला निम्मा भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा. आंबा, काजू आणि मासेमारीवर जगणाऱ्या गावांनी कडवा विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये राज्य शासनाने तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली.