पार्श्वभूमी : धरलेला महाशीर परत सोडण्याचा नियम आणि त्यावर बसलेला ‘शिकारी’चा शिक्का

महाशीर हा गोड्या पाण्यातला मोठा मासा गळाला लावायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा नदीत सोडून द्यायचा, ही पद्धत भारतात नीट रुजली ती कर्नाटकातल्या कावेरीच्या पट्ट्यात. कायद्यावर बोट ठेवून ती बंद झाली तीही तिथेच. हौशी गळवाल्यांच्या बोलण्यात ‘बंदी’ हा शब्द येतो तेव्हा बहुतेकदा हीच बंदी अभिप्रेत असते. सोडलेला मासा जगतो का, आणि जगला तरी त्याला धरणं ही शिकार ठरते का, असे दोन प्रश्न या वादात एकमेकांत गुंतले. निर्णय झाला तो फक्त दुसऱ्यावर.

जुना इतिहास थोडक्यात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाला वेगळी जागा आहे. मासे कोणते, आमिष कोणतं, दोरी कशी, याची माहिती त्यात येते. दुसरीकडे देवाच्या डोहातले मासे धरायचेच नाहीत, ही रीत. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर ती दिसते, आणि आपल्याकडे महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनीच्या नावाने महाशीर राखले गेले. खेळासाठी धरणं आणि श्रद्धेपोटी न धरणं, दोन्ही जुनं आहे. धरून सोडणं नवं आहे.

ब्रिटिश अमलात महाशीरला ‘खेळाचा मासा’ म्हणून प्रतिष्ठा मिळाली. 1873 साली मद्रास इलाख्यातल्या एका मुलकी अधिकाऱ्याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक काढलं आणि वजनास वजन धरलं तर महाशीर सामन (सॅल्मन) माशापेक्षा जास्त झुंजतो, असं ठामपणे लिहिलं. 1897 च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावणं आणि विष कालवणं गुन्हा ठरवलं. पण काठीवर आलेला मासा परत सोडायचा, असा विचार त्या काळच्या शिकारी वृत्तीत बसणारा नव्हता. 1946 साली म्हैसूर भागात 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर निघाला. तो आकडा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो.

सोडण्याची कल्पना नियमाच्या रूपात आली ती अमेरिकेतून, आणि तिच्यामागे दयेपेक्षा हिशेब मोठा होता. तळ्यांत वाढवलेले ट्राउट मासे दरवर्षी नदीत सोडायचे आणि ते दरवर्षी लोकांनी घरी न्यायचे, हा खर्च परवडेना म्हणून मिशिगन राज्याने 1952 साली काही पाण्यांवर मासा परत सोडण्याची अट घातली. मग 1972 आलं. त्या वर्षी अमेरिकेत बास माशांच्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत प्राणीकल्याणाचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या तिन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता; पुढच्या वादाचे तिन्ही धागे मात्र इथूनच निघतात.

1970 च्या दशकाच्या अखेरीस काही तरुण ब्रिटिश गळवाले महाशीरच्या शोधात भारतभर फिरले. मोठे महाशीर संपले, असा समज तोवर पसरला होता. कावेरीत ते सापडले आणि बातमी परदेशी गेली. पुढे हौशी गळवाल्यांच्या एका संस्थेने नदीचा लांब पट्टा भाडेपट्ट्याने घेतला, तर भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गालिबोरे इथे सरकारी पर्यटन यंत्रणेचे तळ उभे राहिले. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा हे आमिष, गोल टोपलीसारख्या होड्या आणि एकच पक्का नियम : प्रत्येक महाशीर पाण्यात परत जाणार. पूर्वी जाळी आणि सुरुंग घेऊन फिरणारे गावकरी इथे वाटाडे म्हणून पगारावर आले. परदेशी पाहुण्यांच्या शुल्कातून राखणदार ठेवले गेले. माझ्या मते या व्यवस्थेचं खरं मोल इथेच होतं. नदीच्या काठावर रात्रंदिवस माणसं होती, आणि जिवंत मासा हा त्यांच्या रोजीरोटीचा भाग होता.

हाताळणी मात्र सुरुवातीला धसमुसळी होती. मोठा मासा फोटोसाठी थांबवायचा तर त्याच्या कल्ल्यातून दोरी ओवून काठाला बांधून ठेवत. जबड्यात हात घालून उभा टांगत. तीन तोंडांचे गळ सर्रास वापरत. पोटात गेलेला गळ चिमट्याने ओढून काढण्यातच माशाचं भलं आहे, असं बहुतेकांना वाटे. खरं तर ट्राउटवरच्या प्रयोगांनी 1960 च्या दशकातच उलट दाखवलं होतं. खोल गेलेला गळ उपसण्यापेक्षा दोर तोंडाशी कापून सोडला, तर मासा जगण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

सगळ्यात प्रभावी ठरला तो 1992 साली प्रसिद्ध झालेला इंद्रधनुषी ट्राउटवरचा प्रयोग. माशांना दमेपर्यंत पळवलं आणि बारा तासांनी किती जगले ते मोजलं. नुसते दमवलेले 88 टक्के जगले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेले 62 टक्के. दमवून 60 सेकंद हवेत धरलेले फक्त 28 टक्के. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि वायूंची देवाणघेवाण जवळपास थांबते. झुंजीने रक्तात आम्ल साठलेलं असतं, आणि नेमक्या त्याच क्षणी माशाचा श्वास कोंडला जातो. ‘मासा ओला ठेवा’ हा आजचा नियम मुख्यतः याच आकड्यांवर उभा आहे. त्यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त आहेत. ते मासे प्रयोगशाळेतले होते, रक्त काढण्यासाठी त्यांच्या शरीरात नळ्या बसवलेल्या होत्या. नदीतल्या माशांवरच्या नंतरच्या अनेक पाहण्यांत एवढी हानी दिसली नाही. 2005 साली पौने तीनशेच्या आसपास अंदाज एकत्र करून झालेल्या आढाव्यात सोडल्यानंतरच्या मृत्यूची सरासरी 18 टक्के निघाली, पण माशागणिक आणि पद्धतीगणिक फरक प्रचंड होता. म्हणून एकच टक्केवारी घेऊन भांडण्यात अर्थ नाही. गळ कुठे रुतला, पाणी किती गरम, झुंज किती वेळ चालली आणि मासा हवेत किती सेकंद राहिला, यावर सगळं ठरतं.

कावेरीतल्या महाशीरवरही संशोधकांनी हे तपासलं. बहुतेक मासे तोंडातच अडकलेले होते आणि मृत्यू फार थोडे झाले. पण मोठ्या माशांची झुंज लांबते, आणि सोडल्यावर त्यांना तोल सावरायला जास्त त्रास होतो, हेही दिसलं. फोटोसाठी जास्त वेळ धरला जातो तोही मोठाच मासा. म्हणून आताचे जाणते वाटाडे जाड तंगूस लावून झुंज आटोपती घेतात, उलटा काटा नसलेला एकेरी गळ वापरतात, माशाला हात लावण्याआधी हात ओले करतात म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही, आणि वजन करायचंच झालं तर ओल्या झोळीत आडवा तोलतात. सोडताना तोंड प्रवाहाकडे, आणि तो स्वतःच्या ताकदीने निघेपर्यंत घाई नाही.

आता त्या निर्णयाकडे. कावेरीचा हा पट्टा 1987 साली अभयारण्य झाला. 2012 च्या सुमारास वन्यजीव कायद्याच्या नव्या वाचनातून संरक्षित क्षेत्रातली गळाची मासेमारी थांबवण्यात आली. कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, फासात अडकवणं, आमिष दाखवणं आणि यातला प्रत्येक प्रयत्नही तिच्यात येतो. मूळ कायद्यात ‘प्राणी’ म्हणून उभयचर, पक्षी, सस्तन आणि सरपटणारे एवढेच मोजले होते. 2002 च्या दुरुस्तीने त्यात मासेही आले. दोन्ही कलमं शेजारी ठेवली की आमिष लावून महाशीर पकडणारा माणूस शिकारी ठरतो. त्याने मासा नंतर सोडला का, याची चौकशी कायदा करत नाही.

या वाचनाच्या बाजूने बोलायचं तर अक्षरांत ते चूक नाही. सोडण्याच्या हेतूला सूट दिली तर उद्या कोणी हरीण जाळ्यात धरून सोडण्याचाही खेळ मागेल, आणि अभयारण्यात अशी फट ठेवणं धोक्याचं, ही भीतीही समजण्यासारखी आहे. जर्मनीत हाच निष्कर्ष वेगळ्या वाटेने आला. सबळ कारणाशिवाय प्राण्याला यातना देऊ नयेत, असं तिथला कायदा सांगतो. खाण्यासाठी मासा धरणं हे कारण मान्य, पण परत सोडायच्याच इराद्याने धरणं अमान्य. स्वित्झर्लंडनेही पुढे तीच भूमिका घेतली. 2003 साली स्कॉटलंडमध्ये ट्राउटच्या ओठांत आम्ल आणि मधमाशीचं विष टोचून केलेल्या प्रयोगानंतर माशाला वेदना होतात का, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि ही बाजू आणखी बळकट झाली.

तरीही कावेरीवरचा निर्णय मला अपुरा वाटतो, कारण त्याने काठावरच्या माणसांचा विचार केला नाही. जर्मन कायदा निदान माशाच्या यातनेचा प्रश्न विचारतो. इथे यातना, मृत्यूदर, हाताळणी यांपैकी कशाचीही तपासणी न होता एका शब्दाच्या व्याप्तीवर सगळं ठरलं. तळ राहिले, पण गळ गेला. गळाबरोबर शुल्क गेलं आणि शुल्काबरोबर राखण. त्यानंतर सुरुंगाने मासे मारण्याचे प्रकार पुन्हा वाढल्याचं संशोधकांनी आणि जुन्या वाटाड्यांनी सांगितलं. 1897 पासून जो गुन्हा आहे, तो पाहणारं तिथे कोणी उरलं नाही. परवाना, ठरावीक हंगाम, गळाच्या प्रकारावर बंधन आणि प्रत्येक माशाची सक्तीची नोंद, अशी मधली वाट काढता आली असती. संरक्षित क्षेत्राबाहेर, उत्तराखंडातल्या काही पाण्यांवर, परवान्यावर गळ टाकण्याची पद्धत चालूच राहिली.

मात्र गळवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सोडून दिली जाते, आणि ती त्यांच्याच वह्यांतून बाहेर आली. गालिबोरे तळावर 1998 पासून 2012 पर्यंत पकडून सोडलेल्या सहा हजारांहून जास्त महाशीरांच्या नोंदी होत्या. 2015 साली त्या तपासून प्रसिद्ध झाल्या तेव्हा दिसलं की मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती आणि सरासरी आकार घटत गेला होता. वाढ होती ती निळ्या परांच्या महाशीरची. हा कावेरीचा मूळ मासा नव्हे. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून झालं, आणि लोणावळ्याच्या पैदास केंद्रात तयार झालेली त्याची पिल्लं देशभर गेली तशी कावेरीतही सोडली गेली, तीही संवर्धन म्हणूनच. कावेरीचा स्वतःचा, नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महाशीर त्याच काळात नोंदींतून जवळपास नाहीसा झाला. ज्याच्यासाठी जगभरचे गळवाले येत तो हाच मासा, आणि त्याला तेव्हा निश्चित शास्त्रीय नावही नव्हतं. ‘टॉर रेमादेवी’ ही त्याची ओळख 2018 साली पक्की झाली आणि त्याच वर्षी तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला.

प्रत्येक मासा जिवंत परत गेला तरी नदीतली जात वाचतेच असं नाही. पण हे कळलं तेही मासे धरून, ओळखून, तोलून नोंदवल्यामुळेच. जाळ्यात किंवा सुरुंगात मेलेल्या माशाची वही कोणी ठेवत नाही. बंदीनंतर त्या पट्ट्यातली अशी नियमित मोजणी खंडित झाली. कुबडवाला महाशीर आता मोयार नदीसारख्या मोजक्या पाण्यांत सापडतो, आणि त्याला हात लावण्याची परवानगी कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरवताना ‘शिकार’ची तीच व्याख्या पुन्हा समोर येते.