प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय असावे? सोलापुरातल्या रिवाजामागचा इतिहास

सोलापुरात कॅथोलिक मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेच्या, चषकात वाइन असते. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतून आलेल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) मात्र प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीला, बहुधा द्राक्षांचा किंवा मनुकांचा न आंबलेला रस दिला जातो. ‘ख्रिस्ती लोकांत दारू चालते’ असे बाहेरचे लोक बोलतात. ‘विश्वासणाऱ्याने थेंबही घेऊ नये’ असे मंडळीतले वडील सांगतात. इतिहास पाहिला तर दोघांचेही म्हणणे अपुरे ठरते. नशेचा निषेध पहिल्यापासून आहे. सर्वांनी संपूर्ण वर्ज्य करावे हा आग्रह मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे.

शास्त्रात दोन्ही बाजू सापडतात. स्तोत्र 104 मध्ये द्राक्षारस मनुष्याचे मन आनंदित करणारे देवाचे दान आहे, तर नीतिसूत्रे 20:1 मध्ये तोच चेष्टा करणारा ठरतो. नाजीर व्रत, म्हणजे स्वतःला देवाला वाहून घेण्याचे व्रत, घेणाऱ्याला द्राक्षेसुद्धा वर्ज्य होती. काना गावच्या लग्नात येशूने ज्यांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, ते सहा दगडी रांजण प्रत्येकी साधारण 80 ते 120 लिटरचे होते. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि इफिसकरांना मद्याने मस्त होऊ नका असे बजावतो. सोलापूरच्या मंडळ्यांत वापरले जाणारे एक वचन मात्र रोमकरांस 14:21 आहे: ज्याने भावाला ठेच लागेल ते न खाणे, न पिणे चांगले. या विषयावरचे सर्वांत भक्कम वचनही हेच आहे, कारण त्याचा पाया पदार्थाच्या विटाळावर नसून शेजाऱ्यावरच्या प्रेमावर आहे.

पहिल्या शतकांत काही गट प्याल्यात नुसते पाणी वापरत. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने साधारण 253 साली पत्र लिहून त्यांना विरोध केला आणि द्राक्षारसात पाणी मिसळण्याचा रिवाज योग्य ठरवला. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या मठनियमात साधूला दिवसाला एक हेमिना, म्हणजे सुमारे पाव लिटर, द्राक्षारस ठरवून दिला होता. 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्य भक्तांना प्याला नाकारला. प्रोटेस्टंट सुधारकांनी तो परत दिला, आणि त्यातही वाइनच होती. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या 1743 च्या नियमांत बंदी होती ती ऊर्ध्वपातित कडक दारूवर.

खरा बदल अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये झाला. 1826 मध्ये बोस्टनमध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीला रोख कडक दारूवर होता. दशकभरात तो बिअर आणि वाइनवरही गेला. अँडोव्हर सेमिनरीतले प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी बायबलमध्ये वाखाणलेला द्राक्षारस न आंबलेला होता, अशी मांडणी केली. ही मांडणी टिकत नाही. पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षे उन्हाळ्याच्या अखेरीस उतरतात आणि वल्हांडण, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या वेळचा यहुदी सण, वसंतात येतो. पाश्चरीकरण नसताना नुसता रस सहा-सात महिने आंबल्याशिवाय राहणे कठीण. शिवाय करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनालाच लोक मस्त होत, अशी तक्रार पौलाने स्वतः लिहून ठेवली आहे. मद्यवर्ज्यतेसाठी प्रेमाचे कारण पुरेसे आहे. इतिहास वाकवण्याची गरज नाही.

अडचण होती ती रस टिकवण्याची. ती 1869 मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचे दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी सोडवली. ते मेथडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाची व्यवस्था पाहत. त्यांनी पाश्चरची पद्धत वापरून बाटलीबंद द्राक्षरस तापवला आणि त्यातले यीस्ट मारले. 1890 च्या दशकात जंतूंच्या भीतीने छोटे वेगवेगळे कपही आले. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, बिशपांनी मात्र 1888 च्या लँबेथ परिषदेत न आंबलेला रस अमान्य ठरवला.

सोलापूरला हा वारसा थेट मिळाला. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी अँडोव्हरमध्येच शिकलेले होते. त्यांचे मिशन नगरहून पुढे सरकत 1860 च्या दशकात सोलापुरात आले. पुढे गिरण्या उभ्या राहिल्या, चाळी वाढल्या, पगाराच्या दिवशी शिंदी-ताडीच्या दुकानांत गर्दी होऊ लागली. पगार घरी पोचण्याआधीच संपणाऱ्या कुटुंबांत दारू सोडणे ही धर्मांतराची ठळक खूण ठरली. आजूबाजूच्या लिंगायत, जैन आणि वारकरी घरांतही मद्य वर्ज्यच होते. त्यामुळे हा नियम इथल्या मातीत परका वाटला नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने धार्मिक विधीच्या द्राक्षारसाला वाट ठेवली, पण परवान्याच्या कटकटीपेक्षा रस सोपा होता. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल (अमेरिकन मिशनची), दोन्ही परंपरा एकाच चर्चमध्ये आल्या.

आता प्रत्यक्ष रसाबद्दल. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी जिथे ‘सोनाका’ हा द्राक्षाचा वाण शोधला, त्या सोलापूर जिल्ह्यात द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असतो. म्हणजे पवित्र गुरुवारला (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) ताजी द्राक्षे सहज मिळतात, पण तेव्हा पारा 40 च्या आसपास असतो. द्राक्षाच्या सालीवरचे यीस्ट अशा उकाड्यात एका दिवसात काम सुरू करते. लिटरमागे 17 ग्रॅम साखर आंबली की साधारण 1 टक्का अल्कोहोल तयार होते. शनिवारी गाळून ओट्यावर ठेवलेला रस रविवारी फेसाळतो तो यामुळेच. रस काढल्याबरोबर 80 ते 85 अंशांवर वीस मिनिटे तापवावा, उकळलेल्या बाटल्यांत काठोकाठ भरावा, थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा. भांडे स्टीलचेच हवे. ॲल्युमिनियमला आम्ल लागते आणि चव धातूसारखी होते. सोनाका, थॉमसन या हिरव्या द्राक्षांचा रस फिकट येतो. लाल रंग हवा असेल तर काळी द्राक्षे सालीसकट 60 ते 65 अंशांवर थोडा वेळ गरम करून मग गाळावीत. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे बसले तर घाबरू नये; ते टार्टरचे स्फटिक असतात. वरून रस अलगद ओतून घ्यावा.

हंगाम नसताना 250 ग्रॅम काळ्या मनुका कोमट पाण्याने दोनदा धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर, शक्यतो फ्रिजमध्ये, भिजवाव्यात. मग दहा-पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळावे. हिरवे बेदाणे टाळावेत. वाळवण्याआधी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, रंगासाठी गंधकाची धुरीही देतात; तो वास रसात उतरतो. बाजारातल्या क्रशमध्ये रंग आणि सायट्रिक ॲसिड असते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय ते वापरू नये.

कॅथोलिक चर्चमध्ये यातले काहीच चालत नाही. चर्चच्या कायद्याच्या कलम 924 प्रमाणे वाइन द्राक्षाची, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी, आणि तिच्यात थोडे पाणी मिसळायचे. दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या धर्मगुरूला बिशपच्या परवानगीने ‘मुस्तुम’ घेता येते. मुस्तुम म्हणजे ताजा किंवा गोठवून आंबणे थांबवलेला रस. सामान्य भक्ताला प्याला घेण्याची सक्ती नाही. फक्त भाकर घेतली तरी पूर्ण सहभागिता मानली जाते.