सुट्ट्यांच्या शुभेच्छा, आणि दरांबद्दल थोडं

सर्व ग्राहकांना सणाच्या सुट्ट्यांच्या मनःपूर्वक शुभेच्छा! कारखाना बंद असताना निवांत वाचायला हे पान.

"धातूचे भाग कापणाऱ्या मशीनला नग लावायला-काढायला रोबो लावलात, मग दर कधी उतरणार?" असं बरेच जण विचारतात. काही जॉबचे उतरतील, काहींचे अजिबात नाहीत.

रोबोमुळे कच्चा माल स्वस्त होत नाही. कटिंगचा वेगही वाढत नाही, तो धातू आणि टूल ठरवतात. वाचतो तो एक नग काढून दुसरा लावेपर्यंतचा रिकामा वेळ. शिवाय शिफ्ट संपल्यावरही मशीन चालू राहतं. मशीनचा हप्ता ते चाललं नाही तरी भरावाच लागतो, त्यामुळे जास्त तास चाललं की नगामागचा बोजा कमी होतो.

खरी मेख सेटिंगमध्ये, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करण्यात आहे. समजा, सेटिंगला 120 मिनिटं लागतात आणि प्रत्येक नगाला 3. मग 10 नगांच्या ऑर्डरला नगामागे 15 मिनिटं पडतात, 1000 नगांना तीनहून किंचित जास्त. आता रोबोचा ग्रिपर (नग पकडणारा पंजा) बदलायला आणि प्रोग्राम बसवायला आणखी 60 मिनिटं धरा, आणि नगामागे बचत अर्ध्या मिनिटाची. म्हणजे 120 नग होईपर्यंत नुसती बरोबरीच! त्याहून लहान लॉटला आमचा ऑपरेटरच स्वस्त पडतो. पहिला नग तपासणं, टूल घासलंय हे आवाजावरून ओळखणं हेही त्याच्याकडेच राहणार आहे.

1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात 'युनिमेट' हा रोबो कामाला लागला, तो डायकास्टिंगचे (वितळलेला धातू साच्यात दाबून बनवलेले) तापलेले भाग उचलायला. तेच ते काम पुन्हा पुन्हा करण्यात रोबोचा फायदा, हे तेव्हापासूनचं आहे.

दर उतरवणं बरंचसं तुमच्या ड्रॉइंगवरही अवलंबून असतं. सगळीकडे 0.01 मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेली असते, लागते मात्र एका बोअरलाच (अचूक मापाच्या भोकालाच). बाकीच्या ठिकाणी ती सैल केलीत तर तपासणीचा वेळ वाचतो. भोकांचे व्यास शक्यतो सारखे ठेवलेत तर टूलही कमी लागतात. एकच भाग वर्षात चारदा मागवत असाल, तर ऑर्डर एकदाच द्या आणि माल टप्प्याटप्प्याने उचला.

कोटेशन मागताना वर्षाला अंदाजे किती नग लागतील ते जरूर लिहा. आकडा नसेल तर आम्ही एकाच लॉटचा दर धरतो.