बुजरी, की समोरच्याचे भाव न कळणारी? टर्नर सिंड्रोममधला एक नेहमीचा घोळ

टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलीबद्दल 'वर्गात मिसळत नाही' अशी तक्रार शाळेतून आली, की घरचे म्हणतात, उंचीमुळे बुजत असेल. कधी ते खरंही असतं. पण बुजणं वेगळं आणि समोरच्याच्या मनातलं न ओळखता येणं वेगळं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं: मधल्या सुट्टीत मुलगी एकटी.

साधारण 2000 ते 2500 मुलींमागे एकीला हा सिंड्रोम असतो. दोनपैकी एक एक्स गुणसूत्र पूर्णपणे किंवा अंशतः नसतं. उंची खुंटते, बहुतेकींची अंडाशयं नीट काम करत नाहीत, हे डॉक्टर सांगतातच. मेंदूबद्दल कमी बोललं जातं. बहुतेकींची बुद्धी चारचौघींसारखीच असते, शब्दसंपत्ती तर छानच. गाडी अडते ती भूमितीत, नकाशात आणि अनेकींच्या बाबतीत चेहरे वाचण्यात, विशेषतः चेहऱ्यावरची भीती ओळखण्यात.

समजा, सहावीतल्या चौघी डबा खाताहेत. एक म्हणते, "वा, काय निबंध लिहिलास गं!" आणि बाकीच्या दोघी एकमेकींकडे बघून हसतात. बुजरी मुलगी टोमणा लगेच ओळखते, मान खाली घालते आणि घरी आईला सगळं साग्रसंगीत सांगते. दुसरीला, म्हणजे भाव न कळणारीला, ते कौतुकच वाटतं. ती खूश होऊन निबंधाचा पुढचा भागही ऐकवते. मैत्रिणी उठून का गेल्या, हे तिला उमगत नाही. घरी विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही झालं." ती लपवत नसते, तिच्या लेखी खरंच काही झालेलं नसतं.

वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षानंतर मुलींची मैत्री खेळापेक्षा कुजबुजीवर आणि सूचक बोलण्यावर चालू लागते. तिथे दुसरी वारंवार तोंडघशी पडते आणि मग खरोखरच बुजायला लागते. म्हणून आत्ताचा बुजरेपणा बघण्यापेक्षा सात-आठ वर्षांची असताना ती कशी होती, हे आठवून बघावं.

बुजरीला छोटा गट, थोडा वेळ आणि गरज पडली तर समुपदेशक लागतो. दुसरीला "जा, मिसळ सगळ्यांत" म्हणून काहीच हाती लागत नाही. घडलेला प्रसंग तिला उलगडून सांगावा लागतो: ती सारखी दाराकडे बघत होती, म्हणजे तिला निघायचं होतं. "एवढंही कळत नाही?" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावं.

उंचीचा काहीच संबंध नाही, असं नाही. सातवीतल्या मुलीला नाटकात दरवेळी बाळाचं काम मिळालं तर ती खट्टू होणारच. पण फ्रान्समध्ये उंची वाढावी म्हणून ग्रोथ हार्मोन घेतलेल्या, टर्नर सिंड्रोम असलेल्या 568 तरुणींचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात जगण्याच्या गुणवत्तेचा उंचीशी संबंध दिसला नाही, कान आणि हृदयाच्या तक्रारींशी दिसला. उपचार घ्यावेतच, सेंटिमीटर वाढले की मैत्रिणी मिळतील, ही आशा मात्र त्यावर लादू नये.

आणि कान. या मुलींना कानाचे संसर्ग वारंवार होतात, ऐकू कमी येणंही नेहमीचंच. गोंगाटात अर्धं वाक्य निसटलेली मुलगी बुजरीही वाटते आणि भाव न कळणारीही. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेण्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी.