कराटे-तायक्वांदोची स्पर्धा घेताय? मॅट अंथरायच्या आधी विम्याचं बघा

राम राम मंडळी. दिवाळीची सुट्टी लागली किंवा एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, शहादा सगळीकडे ओपन स्पर्धा सुरू होतात, कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, वुशू, ज्युदो, आणि मग आमच्या विम्याच्या ऑफिसला फोन येतो की भाऊ परवा स्पर्धा आहे, हॉलवाले म्हणताय इन्शुरन्सचा कागद आणा, काहीतरी करून द्या. दोन दिवसात कागद निघतोही कधीकधी, पण त्यात नेमकं काय कव्हर झालं आणि काय राहिलं हे बघायला कोणालाच वेळ नसतो, आणि पोरं तर आपलीच असतात सगळी. म्हणून हे पत्रक. स्पर्धा ठरवतानाच वाचा.

दोन वेगळे कागद लागतात

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी ही आयोजकाची असते, खेळाडूची नाही. म्हणजे तुमच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, आणि कायद्याने भरपाई द्यायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर ती भरपाई आणि कोर्टकचेरीचा खर्च विमा कंपनी मर्यादेपर्यंत उचलते. स्कोअरबोर्डचा स्टँड प्रेक्षकात बसलेल्या मावशींच्या पायावर पडला, केबल उघडी राहिली आणि कोणाच्या लहान पोराला शॉक बसला, गॅलरीचा कठडा तुटला, हे सगळं यात येतं.

पण कुमितेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, एका पोराची किक दुसऱ्याच्या जबड्यावर बसली आणि दात गेला, तर? बऱ्याच पॉलिसीत प्रत्यक्ष खेळणारा स्पर्धक "तिसऱ्या पक्षात" धरलेलाच नसतो, तो अपवादात टाकलेला असतो. शिवाय इथे चूक कोणाची? खेळच तो आहे, रेफ्रीने नियमाप्रमाणे खेळवला, मॅट नीट होती, गार्ड होते, मग आयोजकाची जबाबदारी कायद्याने निघतच नाही आणि जबाबदारी नाही तर लायबिलिटीचा क्लेमही नाही. दाताचा खर्च मात्र त्या पोराच्या बापाला करावाच लागतो.

त्यासाठी वेगळा कागद, ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट. यात चूक कोणाची हे बघत नाहीत. मृत्यू, कायमचं अपंगत्व याची ठरलेली रक्कम मिळते, दवाखान्याच्या खर्चाचं कव्हर मात्र वेगळं जोडून घ्यावं लागतं, आणि आमच्या मते मुलांच्या स्पर्धेत तेच सगळ्यात कामाचं आहे कारण होतं काय तर मनगट मोडतं, नाक फुटतं, गुडघा जातो. पॉलिसी शेड्यूलवर खेळाचं नाव आणि "स्पर्धेत भाग घेताना" असं स्पष्ट लिहून घ्या. साध्या अपघात विम्यात धोकादायक खेळ किंवा व्यावसायिक खेळ वगळलेले असतात, आणि त्या शब्दावरूनच नंतर वाद होतो.

काही सर म्हणतात की मुलांचा बँकेतला वीस रुपयांचा विमा आहे ना. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगलीच आहे, वर्षाला २० रुपयात २ लाखांचं कव्हर, पण ती १८ ते ७० वयासाठी आहे. तुमच्या सब-ज्युनिअर आणि कॅडेट गटाच्या पोरांना ती लागूच होत नाही. आणि त्यात दवाखान्याचं बिल मिळत नाही.

"पालकांची सही घेतली आहे, आम्ही जबाबदार नाही"

एन्ट्री फॉर्मच्या खाली ही ओळ सगळेच छापतात. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाला करार करताच येत नाही, म्हणजे चौदा वर्षांच्या खेळाडूच्या सहीला तसा काही अर्थ नाही. पालकांच्या सहीने धोका माहीत होता एवढं दाखवता येतं, पण तुम्ही मॅटमध्ये फट ठेवली, वजनगट मोडून मोठ्या पोरासमोर लहान उभा केला, तर त्या सहीमागे लपता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २५ काहीजण दाखवतात, संमतीने खेळताना झालेली इजा गुन्हा नाही म्हणून, त्यात उदाहरणही तलवारबाजीच्या खेळाचं दिलेलं आहे, पण ते १८ वर्षांवरच्यांच्या संमतीबद्दल आहे आणि खेळ नियमाने, कपट न करता खेळलेला असला पाहिजे. भरपाईचा दिवाणी दावा हा विषय तर वेगळाच.

तरी फॉर्म घ्याच. त्यात रक्तगट, जुनी दुखापत, फिट्स येतात का, दमा आहे का, औषध कोणतं चालू आहे हे लिहून घ्या. उपयोग त्या पोराला आधी होतो, क्लेमला नंतर.

हॉल, मंडप आणि पंगत

ज्या हॉलमध्ये स्पर्धा आहे तो हॉल तुमच्या ताब्यात असतो, आणि ताब्यातल्या मालमत्तेचं नुकसान साध्या लायबिलिटी पॉलिसीत बसत नाही. फरशी फुटली, काच गेली, तर हॉलवाल्याला पैसे तुमच्या खिशातूनच. त्याचं कव्हर हवं असेल तर आधी सांगा, ते वेगळं मागावं लागतं. तसंच हॉलचा करारनामा आम्हाला दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण त्यात "कोणत्याही कारणाने काहीही झालं तरी आयोजक भरपाई देईल" असं असलं की ती कराराने अंगावर घेतलेली जादा जबाबदारी होते आणि विमा कंपनी फक्त कायद्याने येणारी जबाबदारी बघते.

मंडपात स्पर्धा घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा ४४-४५ ला जातो आणि संध्याकाळी अचानक वावटळ, गारपीट. मंडप उडाला आणि कोणी जखमी झालं तर कंपनी म्हणेल ही नैसर्गिक आपत्ती आहे, तिचं वाढीव कव्हर घेतलं होतं का? घ्या. आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी बारा ते चार बाऊट (लढती) ठेवूच नका, हेडगार्ड-चेस्टगार्ड घालून पोरगं चक्कर येऊन पडतं, विमा असून काय करायचंय.

जेवणाचंही तसंच. बाहेरगावच्या टीमांना दोन्ही दिवस वरण-बट्टी, शेवभाजी घालतो आपण, कौतुकाची गोष्ट आहे, पण उन्हाळ्यात सकाळचं वरण संध्याकाळी वाढलं आणि पन्नास पोरं आजारी पडली तर त्यासाठी खाद्यपदार्थांचं वाढीव कव्हर वेगळं लिहावं लागतं. आचाऱ्याकडे स्वतःचं लायसन आहे का तेही बघा.

डेमो लपवू नका

उद्घाटनाला पाहुणे आले की कौलं फोडणं, बर्फाची लादी, आगीच्या रिंगणातून उडी, नानचाकू, आणि पोटावरून मोटरसायकल. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, मात्र फक्त "कराटे स्पर्धा". सांगितलं नाही तर क्लेम नाकारायला कंपनीला सरळ कारण मिळतं. मोटरसायकलमुळे झालेली इजा तर मोटर विम्याचा विषय होतो, आणि असल्या स्टंटला तिथेही वाट मिळणं अवघड. आमचं स्पष्ट मत, मुलांच्या स्पर्धेत हा प्रकार बंदच करा. फुल कॉन्टॅक्ट आहे की सेमी, फक्त काता (एकट्याने करायची प्रात्यक्षिकं) आहे का, रिंग किती, कोणत्या वयाचे किती खेळाडू, प्रेक्षक किती, हे खरं खरं लिहा, हप्ता त्यावरच ठरतो.

पॉलिसी कोणाच्या नावाने हेही बघा. पावत्या संस्थेच्या, बॅनर मंडळाचा आणि पॉलिसी सरांच्या स्वतःच्या नावाने, असं झालं तर नोटीस एकाला येते आणि कव्हर दुसऱ्याला असतं. सहआयोजक, जागा देणारी शाळा, सगळ्यांची नावं टाकून घ्या.

किती रकमेची, आणि हप्ता कधी

पॉलिसीवर दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि पूर्ण मुदतीची मर्यादा. १० लाख आणि २० लाख लिहिलं असेल तर एका घटनेला जास्तीत जास्त १० लाख, कितीही माणसं जखमी झाली तरी. बहुतेक ठिकाणी वकिलाचा खर्चही यातूनच जातो. सुरुवातीची काही रक्कम तुम्ही सोसायची असते, तिला एक्सेस म्हणतात. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी, हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेतच नाही. "स्पर्धा झाल्यावर फी जमते तेव्हा देतो" हे आमच्या हातात नाही हो. आणि कमिशनमधून काही सोडा असं म्हणू नका, कलम ४१ ने ते आम्हालाही मना आहे आणि घेणाऱ्यालाही, दंड १० लाखांपर्यंत आहे.

काही झालंच तर

आधी पोराला बघा. १०८ ला फोन, फर्स्ट एड, दवाखाना, पैशाचं नंतर. मानेला किंवा डोक्याला मार असेल तर उचलाउचली करायची नाही, डॉक्टर येईपर्यंत हलवू नका. जिथे जवळ मोठा दवाखाना नाही, अक्कलकुवा-धडगावकडे वगैरे, तिथे अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी असल्याशिवाय पहिला बाऊट सुरू करू नका.

मग त्याच दिवशी आम्हाला आणि कंपनीला लेखी कळवा, कोणी भरपाई मागितली नसली तरी. कारण या पॉलिसी बऱ्याचदा मुदतीत आलेल्या दाव्यालाच धरतात, आणि तुमची मुदत दोन दिवसांची, नोटीस येणार सहा महिन्यांनी. मुदतीत घटना कळवून ठेवलेली असली तर नंतरचा दावाही त्यातच धरायची तरतूद बऱ्याच पॉलिसीत असते. आपली सवय काय, "काही नई होत भो, घरचेच लोकं आहेत" म्हणून गप्प बसायचं.

दुसरं, माईकवरून "सगळा खर्च आम्ही देऊ, चूक आमची" असं जाहीर करू नका, लिहून तर अजिबात देऊ नका. कंपनीच्या परवानगीशिवाय कबुली दिली किंवा परस्पर तडजोड केली तर क्लेम अडकतो. माणुसकी म्हणून दवाखान्यात चला, सोबत बसा, रिक्षाचे पैसे द्या, त्याला कोणी अडवत नाही. फोटो, बाऊटचा व्हिडिओ, वजनाची शीट, रेफ्रीचा रिपोर्ट, हजर डॉक्टरची नोंद जपून ठेवा.

कंपनीने दाद दिली नाही तर आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार होते, आम्ही अर्ज लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

स्पर्धेच्या निदान पंधरा दिवस आधी या. येताना संस्थेचं रजिस्ट्रेशन, पॅन, हॉलचा करारनामा, स्पर्धेचं परिपत्रक आणि खेळाडूंची अंदाजे संख्या आणा. खेळाडूंची वयासकट पक्की यादी एन्ट्री बंद झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपला टाकली तरी चालेल, पण पहिल्या बाऊटच्या आधी, कारण यादीत नाव नसलेल्या पोराचा अपघात विमा नसतो आणि ऐनवेळी आलेली एन्ट्री घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो.